एक जूनचा म्हातारा

परवाच्या मंगळवारी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात, दहा-अकरा अनोळखी ज्येष्ठ नागरिक आणि एक अमेरिकन स्वयंसेविका यांच्यासमोर, एका मराठी काकांनी स्वच्छ इंग्रजीत जाहीर केले की या गृहस्थांची जन्मतारीख खोटी आहे. ते खरेच असल्यामुळे मला उलट काही बोलता आले नाही. ज्या तारखेवर माझा पासपोर्ट, माझे नागरिकत्व, तीस वर्षांचे कर आणि आता माझे म्हातारपण उभे आहे, तिचे असे धिंडवडे काढून काका पुढच्याच क्षणी डोनटच्या खोक्याकडे वळले आणि ज्या शेवटच्या चॉकलेट डोनटवर मी आल्यापासून नजर ठेवून होतो, तोही त्यांनीच उचलला.

मी तिथे गेलो होतो तो मेडिकेअर निवडायला. मेअखेर मी निवृत्त होतो आहे, नोकरीबरोबर कंपनीचा विमाही जातो, आणि पासष्टी गाठली की या देशात सरकारी विमा मिळतो, एवढेच मला ठाऊक होते. सरकारी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर रेशनकार्ड आले. रांगेत उभे राहायचे, नाव सांगायचे, शिक्का बसला की घरी यायचे. त्यात निवडायचे काय असते? प्रत्यक्षात जानेवारीपासून घरी जी पाकिटे येऊन पडली, त्यांची थप्पी आता देवघराच्या खालच्या कप्प्यात मावत नाही, आणि दिवसाला सहा-सात फोन येतात ते वेगळेच. फोनवरचा प्रत्येक जण मला पहिल्या नावाने हाक मारतो, माझ्या तब्येतीची माझ्या मुलापेक्षा आपुलकीने चौकशी करतो आणि शून्य प्रीमियममध्ये व्यायामशाळा, चष्मा आणि किराण्याचे कार्ड देऊ करतो. आजारी पडलो तर डॉक्टर कोण, असे विचारले की त्याला यादी बघावी लागते.

मेडिकेअरचे चार भाग आहेत. पार्ट ए रुग्णालयाचा. चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षे, कर भरला असेल तर तो फुकट. पार्ट बी डॉक्टरांचा. त्याचे यंदा, २०२५ साली, महिन्याला १८५ डॉलर. पार्ट डी औषधांचा. पार्ट सी म्हणजे हे सगळे गाठोडे खासगी कंपनीच्या डोक्यावर देणे, ज्याला ॲडव्हांटेज म्हणतात. कोणाचा, ते नावात सांगितलेले नाही. एवढ्यावर भागले असते तर मी काही बोललो नसतो. पण पार्ट बी खर्चाचे ८० टक्के देतो, उरलेल्या २० टक्क्यांना वरची मर्यादाच नाही, आणि ते खिंडार बुजवण्यासाठी मेडिगॅप नावाचा आणखी एक विमा घ्यावा लागतो. त्याचे प्लॅन ए, बी, सी, डी, एफ, जी, के, एल, एम आणि एन असे आहेत. पार्ट ए निराळा आणि प्लॅन ए निराळा. पार्ट बी निराळा आणि प्लॅन बी निराळा. मधले ई, एच, आय आणि जे हे प्लॅन २०१० सालापासून नव्याने विकणे बंद झाले, म्हणून ती अक्षरेच गाळली आहेत. आमच्या शाळेत ङ आणि ञ यांचा कोणाला काही उपयोग नव्हता, तरी गुरुजींनी त्यांना फळ्यावरून कधी हाकलले नाही.

एवढी अक्षरे खर्ची घालूनही मूळ मेडिकेअरमध्ये नेहमीचे दातांचे उपचार नाहीत, चष्मा नाही आणि कानाचे यंत्रही नाही. माणूस म्हातारा होतो म्हणजे पहिल्यांदा त्याचे काय जाते, हे ज्यांनी ही योजना आखली त्यांना घरातल्या एखाद्या आजोबांकडे बघून कळले नसते काय?

तर त्या तळघरात आठवड्यातून एकदा या विषयाचे मोफत मार्गदर्शन असते. मार्गदर्शन करणाऱ्या बाई सत्तरीच्या, कमालीच्या सौजन्यशील आणि सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी माझी जन्मतारीख विचारली. मी १ जून १९६० सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचा विमा १ मेपासून सुरू होईल." मी नम्रपणे दुरुस्ती केली की मे नव्हे, जून. त्यांनी त्याहून नम्रपणे समजावले की इथल्या कायद्याप्रमाणे माणसाचे वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पूर्ण होते. १ तारखेला जन्मलेल्याचे ते मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पूर्ण होते, म्हणून त्याचा विमा एक महिना आधी सुरू होतो. याचा अर्थ मे महिन्यात मी नोकरदारही असणार होतो आणि सरकारदरबारी म्हाताराही.

"एक जून?" माझ्या मागून आवाज आला. "मराठी का?"

मागे वळून पाहिले तर पिवळट स्वेटर घातलेले एक गृहस्थ कॉफीचा कागदी पेला हातात धरून खुर्चीत ऐसपैस बसले होते. त्यांना मेडिकेअर मिळून पंधरा वर्षे झाली आहेत, त्यांना काहीही निवडायचे नाही, आणि तरी ते दर मंगळवारी येतात, हे मला पुढे कळले. ग्रंथालयात हीटर जोरात असतो आणि डोनट असतात, हे त्यांनी स्वतःच सांगितलेले कारण. पण माझ्या मते ते पूर्वी पुण्यात दुसऱ्यांच्या मुली दाखवायच्या कार्यक्रमाला ज्या ओढीने गेले असतील, त्याच ओढीने इथे येत असावेत.

मी हो म्हणालो. "गाव कुठलं?" सातारा जिल्हा, म्हणालो. "मग गुरुजींनी टाकलेली तारीख!" काकांच्या चेहऱ्यावर हरवलेला भाऊ जत्रेत सापडल्याचा आनंद पसरला आणि ते थेट अरेतुरेवर आले. "अरे, मग खरी कधीची? पावसाळ्यातली का दिवाळीची?" मी त्यांना मराठीत, हळू आवाजात, हा विषय नंतर बोलू असे सुचवले. काकांनी ते ऐकले की नाही, कोण जाणे. कानाचे यंत्र मेडिकेअर देत नाही, हे वर सांगितलेच आहे. ते उठले, टेबलाशी आले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी बाईंना तो विख्यात खुलासा केला.

बाईंनी पेन खाली ठेवले. माझ्या पोटात गोळा आला. समोर संघराज्य सरकारचे माहितीपत्रक पडलेले, त्यावर गरुडाचे चित्र, आणि तो गरुड माझ्याकडेच बघत होता. पण बाई रागावल्या नाहीत. त्या विचारात पडल्या. "मला हे फार दिवसांपासून विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "इथे येणाऱ्या भारतीय लोकांत १ जूनला जन्मलेले इतके असतात, की मला वाटायचं, नऊ महिने आधी, सप्टेंबरच्या सुमारास, तुमच्याकडे एखादा मोठा सण असावा."

"गणपती," काका गंभीरपणे म्हणाले. "दहा दिवस."

बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावचे आरतीला उभे राहिलेले सगळे कर्ते पुरुष तरळून गेले आणि मी खाली बघितले.

खरी हकिकत इतकी रंगतदार नाही. जून १९६६ मध्ये वडील मला शाळेत घालायला घेऊन गेले. पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण हवी होती. वडिलांना एवढेच माहीत होते की जेवणाच्या दिवशीच्या गौरी होत्या, आई पुरण वाटता वाटता उठली आणि संध्याकाळपर्यंत मी झालो. भाद्रपदातला म्हणजे सहाला तीन महिने कमी. गुरुजींनी एकदा माझ्याकडे, एकदा रजिस्टरकडे पाहिले आणि "एक जून" असे म्हणून विषय संपवला. त्या सकाळी आमच्या वर्गातली अकरा मुले एकाच दिवशी जन्मली. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती तारीख आली, दाखल्यावरून पासपोर्टवर गेली, आणि पासपोर्टवरून समुद्र ओलांडून सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनच्या, कचेरीत पोचली. योगायोग असा की इकडे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आदल्या वर्षी, ३० जुलै १९६५ रोजी, मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली होती, पहिले कार्ड माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना दिले होते, आणि योजना सुरू झाली ती १ जुलै १९६६ रोजी. म्हणजे गुरुजींनी माझी तारीख टाकली आणि महिन्याभरात अमेरिकेने तिची सोय केली. दोघांनी मिळून मला चार महिन्यांनी म्हातारा केले: तीन गुरुजींनी, एक कायद्याने.

हे मी काकांना ऐकवले, तेव्हा त्यांना काही विशेष वाटले नाही. त्यांची स्वतःची तारीख काय, असे मी खवचटपणे विचारले. "पंधरा ऑगस्ट," ते म्हणाले. "आमचे गुरुजी देशभक्त होते."

यानंतर काकांनी माझी केस आपल्याकडे घेतली. बाई बोलू लागल्या की ते हात वर करत आणि म्हणत, "त्यांना सांगू दे, पण मी काय म्हणतो ते आधी ऐक." ते जे म्हणत होते त्यात मुख्य भाग असा होता की त्यांच्याकडे प्लॅन एफ आहे. या प्लॅनमध्ये पार्ट बीचा वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे विम्याने पैसे द्यायच्या आधी आपण भरायची रक्कम, तीसुद्धा भरावी लागत नाही. आणि १ जानेवारी २०२० किंवा त्यानंतर मेडिकेअरला पात्र झालेल्यांना तो विकत मिळत नाही. गिरगावच्या चाळीत पागडीच्या खोलीत राहणारा माणूस नव्या भाडेकरूकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने काका माझ्याकडे बघत होते. "तुला आता एफ मिळायचा नाही," ते तीनदा म्हणाले, आणि तिन्ही वेळा त्यांना खरोखर वाईट वाटल्यासारखे दिसले. "तुला जी घ्यावा लागेल. जी वाईट नाही. पण बीचा डिडक्टिबल तू भरणार. यंदा २५७ डॉलर. मी? शून्य."

काका कॉफी आणायला गेल्यावर बाईंनी मला खालच्या आवाजात सांगितले की एफ आणि जी यांच्या हप्त्यांतला वर्षाचा फरक पुष्कळदा त्या २५७ डॉलरांपेक्षा जास्त भरतो. हे मी काकांना तिथल्या तिथे सांगितले नाही, याचा मला आज तीन दिवस पश्चात्ताप होतो आहे.

बाईंकडून जे उरलेसुरले ऐकता आले, त्याने माझी करमणूक आटत गेली. पार्ट बी वेळेवर घेतला नाही आणि नोकरीचा विमाही नसला, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यावर १० टक्के दंड, आणि तो बहुतेक जन्मभराचा. मेडिगॅपवाल्यांना तब्येतीची चौकशी न करता विमा द्यावा लागतो तो पार्ट बी सुरू झाल्यापासून फक्त पहिले सहा महिने. पुढे बहुतेक राज्यांत ते नकार देऊ शकतात. घरात मिक्सर घ्यायचा झाला तर मी चार दुकाने हिंडतो आणि पाचव्या दिवशी पहिल्याच दुकानात परत जातो. इथे जन्माचा निर्णय सहा महिन्यांत करायचा, आणि तो चुकला तर चूक माझी, कारण निवड मला दिलेली होती. तीस वर्षे ज्याच्या पगारातून न विचारता पैसे कापून घेतले, त्याला शेवटी प्रश्नपत्रिका देण्यात या लोकांना काय समाधान मिळते, ते मला समजलेले नाही.

भारतात आम्ही दर हिवाळ्यात तीन महिने राहतो. मेडिकेअर तिकडे जवळजवळ चालत नाही. प्लॅन जीमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के मिळतात, २५० डॉलर आपण भरल्यावर, आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत; मात्र दुखणे प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत सुरू झाले पाहिजे. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात पुण्यात काय ते पडायचे-धडपडायचे उरकून घ्यावे आणि जानेवारीत कोणाच्याही स्कूटरवर मागे बसू नये.

घरी येऊन हे सौभाग्यवतींना सांगितले. ती एकसष्ट वर्षांची आहे आणि आजवर माझ्याच कंपनीच्या विम्यावर होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "यात माझं काय?" काहीच नाही, मी म्हणालो, मेडिकेअरला कुटुंब नसते, ज्याने त्याने आपापले म्हातारे व्हायचे. मात्र माझा पार्ट बीचा हप्ता ठरवताना दोन वर्षांपूर्वीचे आम्हां दोघांचे एकत्र उत्पन्न बघतात, आणि ते २०२५ च्या मर्यादेच्या, म्हणजे २,१२,००० डॉलरच्या, वर असले तर हप्ता वाढतो. "म्हणजे माझा पगार धरतात आणि मला धरत नाहीत," ती म्हणाली. हे मी तिला सासरबद्दल बोलताना पूर्वी ऐकले होते.

मग मी प्लॅन जीवर पेन्सिलीने खूण केली आणि मेडिकेअरच्या मुदतीच्या तारखा कागदावर मांडल्या. १ मेच्या मागे तीन महिने, मे धरून पुढे तीन, फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत. सौभाग्यवतींनी फ्रिजजवळच्या कालनिर्णयाची पाने उलटली आणि यंदाच्या गौरी कधी जेवायच्या ते पाहिले. १ सप्टेंबर. मी खरोखर पासष्ट वर्षांचा होईन त्याच्या आदल्या दिवशी, म्हातारे होण्यासाठी नाव नोंदवायची माझी मुदत संपलेली असेल.