आई ९० दिवसांसाठी आली होती तेव्हा

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परत तोच वाद पेटला. मावसबहीण बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर कामावर रुजू झाली, तर काकांनी लिहिलं की स्त्रीवादाच्या नादात हल्लीच्या मुलींना त्याग नको झालाय, आमच्या आयांनी स्वतःचं कधी बघितलं नाही म्हणून घरं टिकली. लगेच भाचीचं उत्तर, कसला त्याग, फुकट राबवून घेतलंत त्यांना. मी इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये दोन्ही वाचलं आणि मला दोन्ही लागलं, कारण दोघं माझ्या आईबद्दलच बोलत होते.

माझ्या बाळंतपणाला आई कराडहून आली होती. युरोपच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, त्यातला एकही तिनं वाया घालवला नाही, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला तेल लावून अंघोळ, मला शेक, आणि रात्री दोनला बाळ कुरकुरलं की माझ्या आधी ती उठलेली. त्याच दिवसांत घरी हेबामे यायची, म्हणजे आपली सुईणच, पण रीतसर शिकलेली. पहिले दहा दिवस रोज, नंतर अधूनमधून, बाळाचं वजन, नाळ, माझे टाके, दूध पुरतंय का सगळं बघायची आणि तिचे पैसे आमच्या हेल्थ इन्शुरन्समधून जायचे. हे कळल्यावर आई म्हणाली, "मी घरातल्या सगळ्यांची बाळंतपणं काढली गं, मला कुणी दमलीस का म्हणून विचारलं नाही." ती सहज बोलून गेली, मला अजून सलतं.

जर्मनीत सगळं छान आहे असं अजिबात नाही हां. मूल सोडून नोकरीवर जाणाऱ्या बाईसाठी इथे 'राबेनमुटर' असा शब्दच आहे, डोमकावळ्यासारखी आई. नोकरी करणाऱ्या जवळपास निम्म्या बायका पार्टटाइम आहेत आणि त्याचा फटका म्हातारपणी पेन्शनला बसतो. पण मूल वाढवल्याची ३ वर्षं तिच्या पेन्शनमध्ये धरली जातात, जणू तेवढी वर्षं ती सरासरी पगार मिळवत होती. आपल्याकडे? २०२४च्या टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे कुणाचा वेळ कशात जातो याच्या सरकारी पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. आणि गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरायलाच हवं हे सुप्रीम कोर्टानं २०२१मध्ये सांगितलं ते अपघातात गेलेल्या बाईच्या भरपाईच्या केसमध्ये, म्हणजे ती गेल्यावर हिशोब लागला.

काकांना मला हे सांगायचंय की माया बाईच्या पोटातूनच येते असं नसतं, ती करता करता येते. इथे मूल झाल्यावर सुट्टीतला भत्ता १४ महिने मिळतो पण त्यातले २ महिने दुसऱ्या पालकानं घेतले तरच. माझ्या नवऱ्यानं घेतले, आणि बाळाला ताप येणार हे त्याला माझ्या आधी कळायला लागलं.

आणि भाचीला सांगायचंय की बाई, राबवून घेतलं हे खरं, पण आईच्या हातात जे होतं त्याला नुसतं राबणं म्हणू नकोस. हेबामेला पैसे मिळायचे आणि ते मिळायलाच हवेत, पण रात्री दोनला ती नव्हती. ती माया मला हवी आहे, माझ्या मुलीलाही, फक्त ती एकट्या आईच्या जिवावर नको.

आता आजी अंथरुणाला खिळलीय आणि तिचंही आईच करते, स्वतःचे गुडघे गेलेत तरी. गेल्या रविवारी मी आणि दादा बोललो. महिन्यातले दहा दिवस तो पुण्याहून कराडला जाऊन आजीचं सगळं करणार, वर्क फ्रॉम होम आहे त्याला, आणि डिसेंबरात सहा आठवडे मी जाणार. आईला फोन केला तर पहिलं वाक्य, "त्याला जमेल का गं?" मग जरा वेळ गप्प. मग म्हणाली, आजीला कुशीवर कसं वळवायचं ते मी त्याला दाखवेन.