उसाच्या पावतीवर सगळं लिहिलेलं असतं

शीतपेयं, बिस्किटं, चॉकलेटं विकणाऱ्या बड्या कंपन्यांची मानवी हक्कांवरची धोरणपत्रकं वाचलीत तर एक सबब हमखास सापडेल: कच्चा माल कुठून कुठून येतो, त्याचा शेवटपर्यंत माग काढणं फार अवघड आहे. साखरेबद्दल कुणी असं म्हणालं तर त्याला कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात अथणी, रायबाग, चिक्कोडीकडच्या कुठल्याही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तासभर उभं करावं.

काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीची पावती फाटते. शेतकऱ्याचा कोड, गाव, उसाची जात, वाहन नंबर, वाहतूकदार, तोडणी टोळीचा कोड, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. या पावत्यांवरच तोडणी-वाहतुकीचं बिल निघतं, त्यामुळे यात चूक झाली की दुसऱ्या दिवशी शेती ऑफिसात भांडण ठरलेलं. म्हणजे कुठल्या रानातला ऊस कुठल्या टोळीनं कधी तोडला हे कारखान्याला टनाच्या दशांशापर्यंत ठाऊक असतं. ठाऊक नसतात ती टोळीतल्या माणसांची नावं. टोळी म्हणजे एक कोड आणि त्यात अमुक इतके कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. नवऱ्याचं नाव टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत असतं, बायकोचं बहुतेक वेळा तिथंही नसतं. कंपन्यांच्या अहवालातला ‘माग’ नेमका इथं संपतो, आणि तो इथं संपण्यात बऱ्याच जणांची सोय आहे.

पैसा कसा उतरतो ते बघा. कारखाना वाहतूकदाराला ॲडव्हान्स देतो किंवा त्याच्या नावावर बँकेचं कर्ज उभं करून देतो. वाहतूकदार म्हणजे आपल्याच गावातला ट्रॅक्टरवाला. तो बीडकडे जाऊन मुकादमाशी स्टँपवर करार करतो आणि मुकादम कोयत्यांना उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, वाटतो. मुकादम पैसे घेऊन गायब झाला, टोळी आलीच नाही, तर कर्ज ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावर. टोळी आली आणि बाई आजारी पडली तर खाड्याचे, म्हणजे कामाला न गेलेल्या दिवसाच्या दंडाचे, पैसे कोयत्याच्या नावावर. कारखान्याची बाजू प्रत्येक वेळी सुरक्षित, आणि कारखान्याची साखर घेणारा तर या हिशेबात कुठं दिसतच नाही.

आता उचलीचं गणित. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांवर गेला. तोच दर धरा. एक जोडी दिवसाला पावणेदोन टन तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून फळीवर चढून गाडी भरते. एक लाखाची उचल असेल तर फेडायला २७३ टन, म्हणजे १५६ दिवस लागतात, तेही एकही खाडा न करता आणि मधल्या काळात पोटाला काहीही न घेता. आपल्याकडचा हंगाम चार-साडेचार महिन्यांचा. बाकी राहणारच. ती पुढच्या हंगामावर चढते आणि जोडी पुन्हा त्याच मुकादमाकडे येते. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा पेशगीपोटी, म्हणजे अशा उचलीपोटी, बांधून घेतलेल्या श्रमाबद्दलच बोलतो. किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम ही सक्तीची मजुरी, असं सुप्रीम कोर्टानं १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितलं आहे.

बायकांचं काय होतं हे आकड्यात नोंदलेलं आहे. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. रात्री दोन वाजता गाडी लागली तरी भरावी लागते, फडात, म्हणजे तोडणीच्या रानात, संडास नाही, पाण्याचा पत्ता नाही, पाळीत सुट्टी घेतली तर खाडा. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं याचे धागे थेट कोला कंपन्यांच्या खरेदीपर्यंत नेले, तेव्हा कुठं मोठी ऑफिसं हलली.

आपल्या सीमाभागात यात एक वेगळी गंमत आहे (गंमत म्हणायचं आपलं). महाराष्ट्रातले कारखाने गाळपावर टनाला १० रुपये गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाला देतात. तोच बीडचा कोयता निपाणीच्या अलीकडे, कर्नाटकात आला की ते १० रुपये त्याच्यासाठी कुणी भरत नाही. उलट हद्द ओलांडल्यामुळे तो आंतरराज्य स्थलांतरित कामगार ठरतो. १९७९ च्या कायद्यात त्याला फोटोचं पासबुक आणि विस्थापन भत्ता होता. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत प्रवासभत्ता उरला, विस्थापन भत्ता गेला. पासबुक हातात असलेला कोयता जुन्या कायद्याच्या काळात तरी कुणी पाहिला होता?

बाहेरच्या कायद्यांवर फार भिस्त ठेवू नये. संयुक्त राष्ट्रांची उद्योग आणि मानवी हक्कांवरची २०११ ची तत्त्वं चांगली आहेत: व्यवहारातून जोडलेल्या हानीचीही जबाबदारी कंपनीवर. पण ती बंधनकारक नाहीत. कंपन्यांना पुरवठादारांकडच्या हानीची जबाबदारी घ्यायला लावणारा युरोपियन युनियनचा २०२४ चा निर्देश आला आणि लगेच पुढं ढकलून पातळही केला गेला. आपल्या शेअर बाजाराच्या नियामक सेबीनं पुरवठादारांची माहिती देणं ऐच्छिक ठेवलंय.

मग खरेदीदारानं करावं काय? आधी ऑडिटरला गेस्ट हाऊसमधून बाहेर काढावं. तारीख कळवून आलेल्या ऑडिटरला गेट, बॉयलर, हेल्मेट आणि प्रथमोपचार पेटी दिसते. उचल दिसत नाही, कारण ती कारखान्याच्या आवारात नसतेच. त्यानं तोडणी-वाहतुकीचं खातं मागावं, त्यातून दहा टोळी कोड काढावेत आणि अंधार पडल्यावर कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, जावं, सोबत मुकादम नको. प्रत्येक कोड मागे दोघांची नावं आणि दोघांची बँक खाती असावीत. हंगाम संपला की उरलेली उचल कारखान्यानं सोसावी, पुढं ओढू नये. फडावर पाण्याची टाकी आणि फिरता संडास हवा, आजारपणाचा खाडा बंद. यातलं काहीच तंत्रदृष्ट्या अवघड नाही.

खर्चाचंही सांगतो. टन उसातून साधारण १०० किलो साखर निघते. तोडणीचा दर टनाला १०० रुपयांनी वाढवला तर किलोमागे १ रुपया. २५० मिलीच्या कोलाच्या बाटलीत २५-२७ ग्रॅम साखर, म्हणजे बाटलीमागे तीन पैसेही नाहीत.

हे पैसे शेतकऱ्याच्या बिलातून मात्र कापायचे नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी उसाला टनामागे ३,५०० रुपये मागत बसले होते, ते तोडणी-वाहतूक वगळून ३,३०० वर मिटलं. तोडणी वाढली की ती उसाच्या दरातून वजा होणार ही त्यांची भीती खरी आहे, आणि तोडकरी विरुद्ध शेतकरी हे भांडण लावणं कारखान्यांना छान जमतं. म्हणून ही वाढ साखर खरेदीच्या करारात वेगळी ओळ म्हणून लिहिली गेली पाहिजे, टोळी कोडनिशी.