ऐहोळेचा शिलालेख आणि नव्याण्णव हजार गावे

कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मलप्रभेकाठी वसलेल्या ऐहोळे गावाविषयी एक मजकूर सध्या मराठी गटांमधून फिरतो आहे. त्यातील दावे असे: तेथील दुर्गा मंदिर देवीचे आहे, लाडखान मंदिर इ.स. ४५० चे असून भारतातील पहिले आहे. गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि तेथील शिलालेखात ‘आजच्या महाराष्ट्राच्या ९९ हजार गावांची’ नोंद आहे. गाव पाहण्याजोगे आहे यात शंका नाही, पण यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही.

‘दुर्गा’ हे नाव देवीवरून आलेलेच नाही. या मंदिराच्या छतावर पुढच्या काळात दगड रचून टेहळणीची जागा उभारली गेली होती, आणि त्या दुर्गामुळे लोक त्याला ‘दुर्गद गुडी’, म्हणजे किल्ल्याचे देऊळ, म्हणू लागले. मूळ देऊळ सूर्याचे असल्याचे तेथील लेखावरून मानले जाते. गैरसमज होणे मात्र स्वाभाविक आहे, कारण गजपृष्ठाकार गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गावरील कोनाड्यांत महिषासुरमर्दिनीही आहे. तिच्याबरोबर विष्णू आणि शिवही आहेत, हे मजकूर सांगत नाही.

लाडखान मंदिराचा ४५० हा काळ जुन्या अभ्यासकांनी सुचवला होता. आता ते सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा आठव्याच्या आरंभी बांधले गेले असे मानतात. इतके प्राचीन वाटण्याचे कारण छतात आहे: उतरत्या शिळांच्या सांध्यांवर दगडाच्याच लांब पट्ट्या बसवल्या आहेत, जणू सुताराने फळ्यांच्या फटींवर पट्ट्या ठोकाव्यात. लाकडी घडणीची ही दगडी नक्कल पाहून काळ मागे नेण्याचा मोह होतो, पण बांधणीची जुनी रीत नंतरही चालू राहू शकते. लाडखान हे तर तेथे वस्ती करून राहिलेल्या माणसाचे नाव.

युनेस्कोचे म्हणाल, तर १९८७ साली यादीत गेले ते शेजारचे पट्टदकल. ऐहोळे अद्याप प्रस्तावित यादीतच आहे.

आता शिलालेख. टेकडीवरच्या मेगुती या जैन मंदिराच्या पूर्व भिंतीवर रविकीर्तीने रचलेली ही संस्कृत प्रशस्ती, म्हणजे राजाचे स्तुतिकाव्य, शके ५५६ ची, म्हणजे इ.स. ६३४-३५ ची आहे, आणि त्यामुळे हे मंदिर गावातील निश्चित कालनोंद असलेली सर्वांत जुनी वास्तू ठरते. (मजकूर लिहिणाऱ्याला ‘सर्वांत जुने’ हवे होते, तर हे समोरच होते.) उत्तरेचा सम्राट हर्ष याचा हर्ष भयाने गळून पडला, अशी कोटी करणारा आणि स्वतःला कालिदास-भारवींच्या पंक्तीत बसवणारा हा कवी चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीविषयी म्हणतो: ‘अगमदधिपतित्वं यो महाराष्ट्रकाणां नवनवतिसहस्रग्रामभाजां त्रयाणाम्।’ म्हणजे, नव्याण्णव हजार गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य त्याने मिळवले. येथे ‘त्रयाणाम्’ (‘तिन्हींचे’) हा शब्द निर्णायक आहे. महाराष्ट्रके तीन आहेत, ती कोणती हे श्लोकात सांगितलेले नाही, आणि मजकुराने नेमका हाच शब्द गाळला आहे. आजच्या संपूर्ण राज्यात सुमारे ४४ हजार गावे असताना तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याच भूभागात ९९ हजार गावे होती असे मानायचे, तर ती गेली कुठे? मुळात हा शिरगणतीचा आकडाच नव्हे. दक्षिणेतील लेखांत गंगवाडी ९६०००, नोळंबवाडी ३२०००, बनवासी १२००० असे आकडे प्रांतनामाला बिरुदासारखे जोडलेले आढळतात. रविकीर्तीची संख्या त्याच रूढीतली दिसते.

पुलकेशीचे महाराष्ट्राशी नाते नव्हते असे नाही. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग त्याचा उल्लेख महाराष्ट्राचा राजा म्हणूनच करतो. परंतु त्याची राजधानी वातापी, म्हणजे बदामी, ऐहोळेच्याच जिल्ह्यात आहे, आणि श्लोकातील ‘महाराष्ट्रक’ म्हणजे १९६० साली स्थापन झालेले राज्य नव्हे.