पत्र्यावर चिरे ठेवून छप्पर वाचत नाही

कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक निरोप दरवर्षी फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. वादळ येताना दारं-खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि छप्पर उडत नाही. पत्र्यावर चिरे नाहीतर वाळूची पोती ठेवा. घराजवळची झाडं आधीच तोडून टाका. वीज गेली तर जनरेटरची वायर घरातल्या प्लगात घाला, सगळं घर चालतं. सोलर असेल तर काळजीच नको. वीज काय, दोन-तीन दिवसांत येतेच. आणि एकदा पाऊस गेला की पुढच्या मेपर्यंत निवांत. शेवटी हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

पाठवणाऱ्याला गावाची काळजी आहे, हे मान्य. पण यातली निदान एक सूचना दुसऱ्याचा जीव घेऊ शकते, दुसरी घराचं छप्पर घेऊन जाऊ शकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो, आणि शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण पाऊस आत्ताच ओसरलाय.

‘पाऊस गेला की निवांत’ हे अरबी समुद्राला कुणी सांगितलेलं नाही. या समुद्रात चक्रीवादळांचे हंगाम दोन: एक मे-जूनचा, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. मधल्या भर पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे एवढ्या वेगवेगळ्या दिशांनी आणि वेगांनी वाहतात की वादळाला उभंच राहता येत नाही. ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला दिवेआगर-श्रीवर्धनच्या आसपास जमिनीवर आलं, ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर वर गेलं, म्हणून आपल्या डोक्यात जूनच्या आगेमागेचा काळ बसलाय. पण ‘फयान’ आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. त्याआधीचं १९४८ चं मुंबईचं वादळ, तेही नोव्हेंबरातलं. भात कापून उडवी रचलेली, मच्छीमार समुद्रात, आणि घराची डागडुजी ‘आता पुढच्या वैशाखात बघू’ म्हणून पुढे ढकललेली, असा तो काळ असतो. तौक्तेनं आणखी एक शिकवलं. ते महाराष्ट्रात आलंच नाही, थेट गुजरातेत किनाऱ्याला लागलं. तरी जाता जाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली छपरं आणि आंब्याच्या बागा झोडपून गेलं.

आता छपराकडे येऊ. खरा पसारा तिथेच आहे.

वारा छपराला खाली दाबतो असं आपल्याला वाटतं. कमी उताराच्या पत्र्यावर बहुतेक ठिकाणी तो उलट वर ओढतो. किती, ते मोजता येतं. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे त्यातलं सूत्र सोपं आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. निसर्गच्या वेळी वारा ताशी ११० किमीच्या घरात होता, झोत त्याहून मोठे. हिशेबाला आपण १२० धरू. उत्तर येतं सुमारे ६६७ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ६८ किलोंची ओढ. दहा फूट बाय तीन फूट पत्रा म्हणजे पावणेतीन चौरस मीटरच्या वर. त्याला वर उचलणारं बळ १९० किलोंच्या आसपास. पत्र्याचं स्वतःचं वजन बारा-पंधरा किलो. त्यावर तुम्ही तीस-चाळीस किलोंचा एक जांभा चिरा ठेवलात, फार तर दोन. उरलेलं ओझं कोण धरणार? आणि हा हिशेब छपराच्या मधल्या भागाचा. आढ्याजवळ, कोपऱ्यांत आणि वळचणीला ओढ याच्याही वर जाते.

बरं, चिरा नुसता निरुपयोगी असता तरी चाललं असतं. पत्रा आधी थरथरतो, चिरा घरंगळतो, आणि पत्रा उचलला गेला की तो उघड्या पडलेल्या फटीतून घरात येतो. खाली म्हातारी माणसं बसलेली असतात. वाळूची पोती पावसात भिजून जड होतात आणि वाळवी लागलेल्या वाशांवर बसतात, ते वेगळंच.

छप्पर राहतं ते बांधणीनं. पत्रा रिपेला जे-हुकनं, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीत खोल गेलेल्या बोल्टनं किंवा लोखंडी पट्टीनं. या साखळीतली जी कडी कच्ची, तिथून छप्पर सुटतं. आपल्याकडे बहुतेकदा शेवटची कडीच नसते, वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात. मग पत्रे रिपांसकट, वाशांसकट शेजाऱ्याच्या बागेत जाऊन पडतात आणि लोक म्हणतात, हुक तर सगळे जागेवर होते! हुक कडेच्या ओळींत दाट लावा, मध्ये थोडे विरळ चालतील. खाऱ्या हवेत साधा हुक लवकर गंजतो, म्हणून जस्ताचा मुलामा असलेलाच घ्या, आणि दर वर्षी दोन-चार हुक हातानं हलवून बघा.

पडवीचं छप्पर मुख्य घराच्या वाशांवरच लांबवलेलं असतं. पडवीत वारा खालून शिरतो, वरून ओढतो, त्यामुळे ती आधी जाते आणि जाताना मागचं घर उघडं करून जाते. नवीन बांधत असाल तर पडवीचं छप्पर वेगळं ठेवा, गेलं तर तेवढंच जाईल. जुन्या घरांची चारी बाजूंनी उतरणारी चौपाखी छपरं वाऱ्याला दुपाख्यापेक्षा बरी तोंड देतात, हे अभियंतेही सांगतात. ती मोडून वर सपाट उताराचा पत्रा टाकायची हौस मला तरी कळत नाही. माकडांनी कौलं फोडली म्हणून पत्रा आला, हे ठाऊक आहे. पण मग त्याची बांधणी तरी पत्र्याच्या मानानं हवी ना?

‘खिडक्या थोड्या उघड्या ठेवा’ या सूचनेचा संबंधही इथेच येतो. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, हे खरं. पण तो काही तासांत हळूहळू उतरतो, आणि आपली घरं काही हवाबंद नसतात. कौलांच्या सापटी, वळचण, दाराखालची फट, एवढ्यातून दाब आपोआप जुळतो. त्या फरकानं छप्पर उडत नाही. उडतं ते वाऱ्याच्या बाजूचं दार-खिडकी उघडली म्हणून. वारा आत भरतो आणि छपराला आतून वर रेटतो, बाहेरची ओढ चालूच असते. मानकात बंद घरासाठी आतल्या दाबाचा गुणांक ०.२ आहे, मोठी उघडी जागा असलेल्या घरासाठी ०.७. म्हणजे आपल्या वरच्या हिशेबात चौरस मीटरमागे १४ किलोंच्या जागी ४८ किलोंचा रेटा, आपण होऊन दिलेला.

सरकारी सूचनांतही एक उघडणारी खिडकी सांगितलेली आहे, पण ती वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची. निरोप्यानं बहुधा ‘विरुद्ध बाजूची’ एवढं गाळलं. वाऱ्याची बाजूही बदलत राहते. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं. त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळाच्या दक्षिणेकडच्या गावांना वारा समुद्राकडून लागतो आणि उत्तरेकडच्यांना आधी जमिनीकडून. डोळा डोक्यावरून गेला तर सगळं शांत होतं, मग उलट्या दिशेनं पुन्हा सुरू. त्या शांततेत पत्रे गोळा करायला बाहेर पडणारे सापडतात.

झाडांबद्दल थोडक्यात. सगळी झाडं तोडली तर वारा अडवायला उरतं काय? घरावर झुकलेली फांदी, पोकळ झालेलं खोड, सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवा, कारण त्या वेगात नारळ म्हणजे तोफेचा गोळा. बाकीचं उभं राहू द्या.

आता जनरेटर. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या प्लगला. दिवे लागतात, पंखा फिरतो, शेजारी कौतुक करतात. ती वीज घरातच थांबते असं समजू नका. मेन चालू राहिला तर ती सर्व्हिस वायरनं खांबावर आणि तिथून डीपीत, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. डीपी ११,००० व्होल्टचे ४०० च्या आसपास करते, आणि उलट्या बाजूनं वीज आली तर ४०० चे ११,००० सुद्धा करू शकते. पुढे कुठेतरी वायरमन लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेला असतो. ‘मी मेन पाडतो की’ हे उत्तर ऐकून आहे. अंधारात, दमलेल्या अवस्थेत, रोज, घरातल्या प्रत्येकाला ते आठवेल यावर परक्या माणसाचा जीव टांगू नये. चेंजओव्हर स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. तो एका वेळी एकच वीज घरात येऊ देतो. तेवढं नको असेल तर जनरेटरवरून वेगळी वायर ओढून दोन दिवे आणि मोबाइल चालवा, घराच्या वायरिंगला हात लावू नका.

आणि जनरेटर पावसात भिजतो म्हणून पडवीत ओढू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. घरापासून वीस फूट तरी लांब, वर आडोसा करून, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. नोव्हेंबर-डिसेंबरात खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवली तरी हाच वायू तयार होतो.

‘सोलर आहे, काळजी नको’ हे वाक्य अलीकडे जोडलं गेलंय. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि गावोगाव छपरांवर पॅनेल चढली. चांगलंच झालं. पण बॅटरी नसलेली, ग्रिडला म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याला जोडलेली यंत्रणा वीज गेली की आपणहून बंद पडते. ती तशीच बनवलेली असते, मघाशी सांगितलेल्या वायरमनसाठीच. डोक्यावर लख्ख ऊन आणि घरात अंधार, असं होतं. अंधारासाठी बॅटरी आणि ती जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, नाहीतर सोलरवर चार्ज होणारे छोटे कंदील. पॅनेलची चौकट जर नुसत्या पत्र्याला स्क्रूनं धरलेली असेल तर वर पत्र्याचा सगळा हिशेब सांगितलाच आहे.

‘दोन-तीन दिवसांत वीज येतेच’ असं म्हणणाऱ्यांनी जून २०२० मध्ये श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडे फोन लावले असते, तर लागलेही नसते, कारण टॉवरही बंद होते. काही वाड्यांना वीज यायला आठवडे गेले. त्यात वीज कर्मचाऱ्यांचा आळस शोधू नका. आधी उपकेंद्रांना येणारी मोठी लाइन उभी राहते, मग ११ केव्हीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे निघणारी लाइन, त्यावर दवाखाना आणि पाणीयोजना, मग डीपी, मग वाडीतली लाइन, आणि सगळ्यात शेवटी तुमची सर्व्हिस वायर. टोकाचं घर असेल तर तुमचा नंबर शेवटचा, हे धरूनच तयारी करा. विजेचा पंप बंद म्हणजे विहीर असून पाणी नाही, तेव्हा रहाट नाहीतर निदान कप्पी आणि दोर शाबूत ठेवा. बंद फ्रिजमधले मासे चार तासांचे सोबती, खच्चून भरलेला मोठा डीप फ्रीझर दोन दिवस कसाबसा. बातम्यांसाठी सेलवरचा ट्रान्झिस्टर. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि आपलं घर कोणत्या डीपीवर आहे ते वहीत लिहून ठेवा. १९१२ या क्रमांकावर वीज गेल्याची तक्रार देताना पहिला प्रश्न बहुधा तोच येतो. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७.

राहिली चाकरमान्यांची बंद घरं, ज्यांचा निरोपात उल्लेखही नाही. मेन पाडून, कुलूप लावून मुंबईला गेलं की घर सांभाळलं असं होत नाही. अंगणात सोडलेला जुना पत्रा, मांडवाचे बांबू, रिकामी टाकी वादळात शेजाऱ्याच्या भिंतीवर आदळते. किल्ली शेजारी किंवा भाऊबंदांकडे द्या. छपराचे चारी बाजूंनी तारखेसकट फोटो आत्ताच काढून ठेवा. सामाईक घर असेल तर पंचनाम्यानंतरची मदत कुणाच्या खात्यात घ्यायची तेही गणपतीत किंवा शिमग्याला सगळे जमतात तेव्हा ठरवून टाका. तलाठी दारात उभा असताना पाच चुलत्यांना फोन लावणं जमत नाही, त्यातून टॉवर बंद असतो.