पळालेला प्रकल्प आणि न भरलेली बैठक

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला हुलकावणी देऊन गुजरातेत गेला, आणि तेव्हापासून ‘आपले प्रकल्प पळवले’ हा वाद दर निवडणुकीला नव्याने पेट घेतो. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो नुकताच पुन्हा पेटला. थोरल्या मामांनी दिल्लीला दोष दिला, धाकट्यांनी राज्य सरकारला. पण जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि त्या जोडीच्या हातून गुजरातेतही एक चिप तयार झाली नाही, याची आठवण कोणालाच नव्हती.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये राहतो, त्यामुळे हा वाद वाचताना माझा तोल जरा लवकर जातो. १९९३ मध्ये इथली डाफ ही ट्रक कंपनी दिवाळखोरीत निघाली, त्याच सुमारास फिलिप्सने हजारो नोकऱ्या कमी केल्या, आणि एका कंपनीच्या जिवावर वाढलेल्या या गावाचे पुढे काय होणार हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा महापौर, तांत्रिक विद्यापीठाचे प्रमुख आणि व्यापारी मंडळाचे अध्यक्ष एकत्र बसले, आणि परिसरातल्या २१ नगरपालिकांनी दरडोई काही गिल्डर (तेव्हाचे डच चलन) काढून सामाईक निधी उभारला. बाहेरून कोणी महाउद्योग आला नाही, कोणी नारळ फोडला नाही. १९८४ पासून इथेच असलेली, चिप बनवण्याची यंत्रे तयार करणारी एएसएमएल त्या वेळी जगाच्या खिजगणतीतही नव्हती. पुढे २००३ मध्ये फिलिप्सने आपला संशोधन परिसर इतर कंपन्यांनाही खुला केला.

या सहकार्याचे रोजचे रूप अगदी साधे आहे. आमच्या विभागात येणाऱ्या पीएचडीच्या मुलीला पगार विद्यापीठ देते, प्रश्न आमच्या कंपनीने दिलेला असतो, आणि आठवड्यातले काही दिवस ती शेजारच्या वेल्डहोवनमध्ये आमच्याच यंत्रावर मोजमापे घेते. तिचे एक मार्गदर्शक कंपनीत अभियंता आहेत आणि आठवड्यातून एक दिवस प्राध्यापक. पुण्यात शेवटच्या वर्षाला आमचाही ‘स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट’ होता. भोसरीतल्या एका कारखान्याने आम्हाला यंत्राजवळ फिरकू दिले नाही, पण लेटरहेडवर सही-शिक्का देताना मात्र खळखळ केली नाही, आणि तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेवढा कागदच बारकाईने पाहिला.

यावर माझा मामेभाऊ म्हणतो की पुण्यात काय कमी आहे? ते खरेच आहे. १९५० पासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि तिच्या आवारात नवउद्योगांना आधार देणारे व्हेंचर सेंटर, वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय, संगणक संशोधनाची सी-डॅक, आणि भोसरी-चाकणचे असे लहान कारखानदार, ज्यांच्या तोडीचे काम आइंडहोवनचे पुरवठादारही सहज करू शकतील असे मला वाटत नाही. केंद्राच्या पुढाकाराने आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, संशोधन संस्था आणि उद्योगांना जोडणारे ‘पुणे नॉलेज क्लस्टर’ही सुरू झाले आहे. कमी आहे ती या सगळ्यांना आपल्या घरचे काम म्हणून बोलावून घेणाऱ्या यजमानाची. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुणे महापालिकेत कित्येक वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. पण प्रकल्प गेला म्हणून हळहळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याची खंत वाटली. (आइंडहोवनचा महापौरही लोक निवडून देत नाहीत, तो नेमलेला असतो, हे मामेभावाला ठाऊक नाही आणि मीही सांगायला गेलो नाही.)

त्याचा शेवटचा टोला असा होता: “तिकडे बसून सल्ले द्यायला तुझे काय जाते?” तो मला लागला, कारण माझे शिक्षण शासकीय महाविद्यालयात नाममात्र शुल्कात झाले आणि त्याचे पीक वेल्डहोवनने कापले, मामांच्या हिशेबात खरा पळालेला प्रकल्प मीच असायला हवा. इथेही मी पाहुणाच आहे. एएसएमएलने देशाबाहेर वाढण्याचा इशारा दिल्यावर २०२४ मध्ये डच सरकारने ‘बेथोवेन’ योजनेत या भागातली घरे, रस्ते आणि शिक्षण यांसाठी अडीच अब्ज युरो मंजूर केले, आणि त्याच काळात परदेशातून आलेल्या कुशल कर्मचाऱ्यांना मिळणारी तीस टक्क्यांची करसवलत व विद्यापीठांतली इंग्रजी कमी करण्यावरून संसदेत रणे माजली. माणसे हवीत, पण आमच्यासारखी इतकी नकोत, असा त्याचा अर्थ मी लावला. घरभाडी आमच्यामुळे वाढली हे शेजारीण कॉफी देता देता सांगते, आणि तिचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही.

तरीही इथल्या गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकीत मला मत आहे, आणि कंपनीच्या विस्ताराआधी घरे व्हावीत की नंतर, यावर मी उमेदवारांना अडवून प्रश्न विचारतो. पुण्याच्या नव्या सभागृहातल्या माझ्या प्रभागाच्या नगरसेवकाचे नाव मला मामेभावालाच विचारावे लागेल.