फोटोवाले काका आणि जारवांचा रस्ता

अंदमानहून परवाच आलो, डोकं अजून तापलेलंच आहे. बाराटांग बेटावर जायचं म्हणून मध्यरात्री उठवलं, जिरकाटांगच्या चेकपोस्टला गाड्यांची ही रांग, मग कॉन्व्हॉय सुटला, ते सगळं जाऊ द्या. बोलायचंय ते शेजारच्या सीटवरच्या काकांबद्दल.

तर हा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. फोटो काढायचे नाहीत, गाडी थांबवायची नाही, खायला काही द्यायचं नाही. चेकपोस्टवर बोर्ड आहे, वर ड्रायव्हरनेही बजावलं, "फोन अंदर रखिए, जेल हो जाएगी."

काका म्हणाले, "लोकांना घाबरवायला सांगतात हो. तुम्ही खिडकीशी आहात ना, धरा हा फोन. काचेला टेकवा, फ्लॅश बंद आहे. आणि जवळ जायचं नाही, झूम करायचं, समोरच्याचा मान राखला पाहिजे!" सोसायटीच्या फोटोग्राफी ग्रुपचे ॲडमिन आहेत म्हणे.

"काका, माणसं आहेत ती, ताडोबातले वाघ नाहीत."

"ताडोब्यात वाघ दिसला नाही, म्हणून तर इथे आलो!"

आता याला काय बोलणार? २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्यासाठी नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गाजला तो याच लोकांचा. १९९८ च्या सुमारास ते जंगलातून आपणहून बाहेर यायला लागले आणि १९९९ ला त्यांच्यात गोवर पसरला. हा रस्ता बंद करा असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलं होतं, तरी रोज गाड्या भरभरून जातायत आणि त्यात काका "भैया, थोडा स्लो लो ना" करतायत, काकू शेजारी तोंड उघडं टाकून झोपलेल्या.

मिडल स्ट्रेटला जेट्टी आली, समोर पोलीस दिसला आणि काकांनी कॅमेरा चालू असलेला फोन सरळ माझ्या मांडीवर टाकला!

"पढ़े-लिखे होकर ये काम?" पोलीस माझ्यावर डाफरला. अख्खी बस वळून बघायला लागली. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका, "बघा ना साहेब, आजकालची मुलं."

गॅलरीत निघाले काय, तर पुढच्या बसच्या मागच्या काचेचे ढीगभर फोटो, आणि एका झाडाच्या बुंध्याचा, तोही हललेला. पोलिसाने सगळे उडवायला लावले, माझ्या हाताने. मग जंकारमध्ये, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, चढताना, माझ्या पायावर पाय देऊन, काका हळूच कानाशी आले.

"डिलीट केलेले परत आणता येतात ना हो तुम्हाला? तेवढं करून द्या."