कुंडीत मुरलेला कुर्ता

माझी भाची फॅशन डिझाइन शिकायला आमच्या ठाण्याच्या घरी राहायला आली, तेव्हा मला वाटलं, चला, आता घरच्या घरी तुटलेली बटणं लावून मिळतील. बटणं राहिली बाजूला, अंगावरचे कपडे तरी शाबूत राहतात की नाही अशी वेळ आली.

रोज जेवणं आटोपली की ती लॅपटॉप उघडते आणि आम्हां नवरा-बायकोला एकेका थोर डिझायनरचं दर्शन घडवते. पहिला मान टोकियोच्या रेई कावाकुबोबाईंचा. या बाईंनी १९८२ साली पॅरिसमध्ये भोकाभोकांचा काळा स्वेटर आणला. भोकं पडावीत म्हणून विणायच्या यंत्राचे स्क्रूच म्हणे मुद्दाम ढिले केले होते. "अगं बाई, कसर लागलीय की," बायको कळवळली. "मामी, कावाकुबोबाई त्याला लेस म्हणतात," भाची म्हणाली. पुढे १९९७च्या उन्हाळी कलेक्शनमध्ये तर बाईंनी चौकड्यांच्या तंग कापडाखाली पाठीवर, कुशीत, कमरेवर चक्क गाद्या भरल्या. मॉडेल अशा चालत येतात, जणू जकात चुकवून माल नेताहेत. जन्मभर पोट आत ओढून फोटो काढून घेणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र ही कल्पना एकदम पटली.

मग आला बेल्जियमचा मार्टिन मार्जिएला. हा गृहस्थ स्वतःचा चेहरा दाखवायचा नाही आणि कपड्यावर नावही घालायचा नाही. आत एक कोरी पांढरी पट्टी, चार कोपऱ्यांत चार टाके. ते टाके बाहेरून दिसतात, तीच ओळख. "कच्चा दोरा काढायचा राहिलाय," म्हणत बायको कात्री शोधायला उठली होती. याच मार्जिएलाने १९९७मध्ये रॉटरडॅमच्या संग्रहालयात आपल्या कपड्यांवर जिवाणू आणि बुरशी वाढवून प्रदर्शन मांडलं. माझ्या लग्नातल्या कोटावर ते दर आषाढात भरतं. प्रवेश विनामूल्य.

इथवर सगळं लॅपटॉपच्या आत होतं. हुसेन चलायन बाहेर आला. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये शिकताना, १९९३ साली, या पठ्ठ्याने पदवीच्या कलेक्शनचे कपडे लोखंडाच्या किसासकट मित्राच्या बागेत पुरले आणि गंज चढल्यावर उकरून काढले. ब्राउन्स या बड्या दुकानाने ते शोकेसमध्ये लावले. लंडनला बाग असते. ठाण्यात कढीपत्त्याची कुंडी असते.

कढीपत्ता तोडायला गेलो तर बुंध्याशी काहीतरी पांढरं दिसलं. ओढलं, तर मातीतून बाही वर आली. माझ्या खादीच्या कुर्त्याची. "मामा, हात लावू नकोस! अजून मुरतोय तो!" आतून आरोळी आली. कीस तिने कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडून पिशवी भरून आणला होता, वर मिठाचं पाणीही घातलं होतं. कढीपत्त्याचं काय होईल, हा प्रश्न अभ्यासक्रमात नसावा.

रात्री तिची खरडपट्टी काढायला बसलो, तर तिने चलायनचाच २०००चा शो लावला. रंगमंचावर दिवाणखाना. मुली खुर्च्यांचे अभ्रे काढून अंगात घालतात, खुर्च्या मिटून सुटकेस होतात. शेवटची मुलगी गोल लाकडी टीपॉयच्या मधोमध पाय टाकते, तो वर ओढते, कमरेला अडकवते आणि टीपॉयचा एकाखाली एक कड्यांचा घागरा होतो. चलायन मूळचा सायप्रसमधल्या निकोसियाचा. सायप्रस १९७४ साली दुभंगलं, माणसं राहती घरं टाकून पळाली. पळताना घरातलं काय काय अंगावर घालून नेता येईल, एवढाच प्रश्न त्या कपड्यांमागे आहे. खरडपट्टी राहूनच गेली. बायकोने मात्र आमच्या टीपॉयवरचा चष्मा, रिमोट आणि पाण्याचा तांब्या उचलून मांडीवर घेतला.

यथावकाश कुर्ता निघाला. छातीवर गंजाचे तांबडे नकाशे, काखेत मुळांची जाळी. भाची हरखली. ती कॉलेजात गेलेली पाहून मी तो गुपचूप लाँड्रीत नेला. लाँड्रीवाल्याने दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, मग मला पाहिलं आणि पावतीवर ठळक अक्षरांत लिहिलं: "कुर्ता १. डाग आधीचेच. जबाबदारी नाही."

ती पावती भाचीने संध्याकाळी माझ्या खिशातून काढली आणि पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर चिकटवली.